साहचर्य आणि दोषारोप

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या पंडितांनी याच प्रकाराला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव दिले. ताडावर कावळा येऊन बसतो, त्याच क्षणी फळ खाली पडते, आणि पाहणाऱ्याला वाटते की कावळ्यानेच ते पाडले. म्हण आपल्या जिभेवर आहे, न्याय आपल्या ग्रंथांत आहे. तरीही कावळ्यावर खटला भरण्याची आपली हौस कमी झालेली नाही. घरात नवी सून आली आणि दोन महिन्यांत सासरा वारला, तर तिच्या पायगुणाची चर्चा सुरू होते. भाडेकरू राहावयास आला आणि मालकाचा धंदा बसला, तर भाडेकरू अपशकुनी ठरतो. अशा वेळी बोलणारा मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. दोन गोष्टी त्याने खरोखरच पाहिलेल्या असतात, आणि त्या एकीमागून एक घडलेल्या असतात. प्रश्न असा आहे की, दोन गोष्टी बरोबर घडतात एवढ्यावरून एकीला दुसरीचे कारण मानण्याचा, आणि त्याही पुढे जाऊन एखाद्या जिवंत माणसाच्या माथी दोष मारण्याचा, अधिकार आपणांस कितपत पोहोचतो? वरवर पाहता हा प्रश्न गणिताचा आहे; परंतु त्याचा शेवट नीतीपाशी होतो.

गणिताचा भाग प्रथम उलगडून घेणे बरे. १८८८ सालच्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे फ्रान्सिस गाल्टन यांनी एक निबंध सादर केला. माणसाची उंची आणि त्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, म्हणजे आपले जुने ‘हात’ हे माप, यांचा मेळ किती बसतो हे त्यांनी अनेक माणसे मोजून ठरविले होते. उंच माणसाचा हात बहुधा लांब असतो, हे शिंप्यालाही ठाऊक असते. त्या ‘बहुधा’ला अंकाचे रूप देणे ही गाल्टन यांची करामत. त्यांच्या मोजणीत तो अंक सुमारे ०.८ आला. पुढे १८९६ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी त्याचे सूत्र पक्के केले. आज संख्याशास्त्रात त्याला सहसंबंध गुणांक म्हणतात.

हा गुणांक वजा एक आणि अधिक एक यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. एक गोष्ट वाढली की दुसरीही ठरलेल्या प्रमाणात वाढते, आणि त्याला एकही अपवाद नाही, अशी स्थिती असेल तर तो अधिक एक. एक वाढताच दुसरी तशीच नेमाने घटत असेल तर वजा एक. पणजीहून घाट चढून बेळगावकडे जाणाऱ्या वाटसरूस जसजसे उंच जावे तसतसा गारवा जाणवतो. उंची आणि तापमान यांचा संबंध हा असा वजा बाजूचा असतो. गुणांक शून्याजवळ असेल तर एका गोष्टीवरून दुसरीचा असा सरळ अंदाज बांधता येत नाही. मात्र ‘सरळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आमटीत मीठ मुळीच नसेल तर ती अळणी लागते. थोडे घालीत गेले की चव वाढत जाते. मर्यादा ओलांडली की तीच आमटी खारट होऊन टाकून द्यावी लागते. मीठ आणि चव यांचा संबंध किती घट्ट! पण सारे प्रयोग एकत्र करून गुणांक काढला तर तो शून्याच्या आसपास येऊ शकेल, कारण चढ आणि उतार एकमेकांस खोडून टाकतात. म्हणजे गुणांक शून्य आला म्हणून संबंध नाही असे ठरत नाही, आणि गुणांक मोठा आला म्हणून कार्यकारणभाव सिद्ध झाला असेही ठरत नाही.

दुसऱ्या गोष्टीचे एक नामांकित उदाहरण आहे. १९२६ मध्ये उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्समधील १८६६ ते १९११ या काळातील दोन प्रकारचे आकडे शेजारी ठेवले. एकूण विवाहांपैकी किती विवाह चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागले, हा एक. आणि दर हजारी मृत्यू किती, हा दुसरा. गुणांक निघाला सुमारे ०.९५. गाल्टन यांच्या उंचीच्या आणि हाताच्या संबंधाहूनही हा अंक मोठा! मग चर्चमध्ये लग्न लावल्याने माणसे मरतात असे म्हणावयाचे काय? उलगडा साधा आहे. त्या साडेचार दशकांत नागरी पद्धतीचे विवाह वाढत गेले, आणि स्वतंत्रपणे मृत्यूचे प्रमाणही उतरत गेले. दोन्ही गोष्टी काळाबरोबर एकाच दिशेने घसरल्या. परस्परांशी त्यांची ओळखही नव्हती. एकाच होडीतून उतरलेले दोन अनोळखी प्रवासी नातेवाईक वाटावेत, तसा हा प्रकार.

आपल्याकडील नैयायिकांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. संख्याशास्त्र ज्याला सहसंबंध म्हणते त्याच्या अगदी जवळचा त्यांचा शब्द म्हणजे साहचर्य. साहचर्य दिसले म्हणून व्याप्ती सिद्ध होत नाही, असा त्यांचा कटाक्ष आहे. व्यभिचार म्हणजे अपवाद आहे का, हे पाहावे लागते, आणि त्याहून सूक्ष्म अशी उपाधी शोधावी लागते. धूर आहे तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. त्याच्या उलट, अग्नी आहे तेथे धूर आहे, हे सदोष. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. चुलीपाशी धूर दिसतो तो ओल्या सरपणामुळे. ते ओले सरपण ही तेथील उपाधी. दुसरे उदाहरण मित्रा नावाच्या स्त्रीच्या मुलांचे आहे. तिचे सारे मुलगे सावळे, तेव्हा पोटात असलेला मुलगाही सावळाच असणार, असे कोणी अनुमान केले; त्यावर शास्त्रकार म्हणतात की सावळेपणाचे कारण तिचे मातृत्व नसून गरोदरपणातील तिचा भाजीपाल्याचा आहार हे असू शकेल. आहाराने वर्ण ठरतो ही समजूत आज कोणी मानणार नाही; परंतु विचाराची रीत किती शुद्ध आहे! एकाच घरातील चार उदाहरणे सारखी निघाली, तर त्यांच्या मागे उभी असलेली पाचवी गोष्ट आधी शोधा, असे ती सांगते. आणि घट घडण्यापूर्वी नेमाने हजर असणारे, माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव? त्यालाही न्यायशास्त्राने घटाच्या कारणांतून बाहेर काढले आणि अन्यथासिद्ध ठरविले. हजर असणे वेगळे, आणि कारण असणे वेगळे.

याचा अर्थ साहचर्याला काही किंमतच नाही असा नव्हे. ज्ञानाची वाट बहुधा तेथूनच सुरू होते, आणि त्याचा एक सुंदर दाखला गोमंतकाच्या सुपुत्राने घालून दिला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. गणिती असलेल्या या विद्वानाने प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास तराजू घेऊन केला. चांदीच्या या नाण्यांच्या मागील बाजूस बारीक खुणा उमटविलेल्या असतात. ज्या नाण्यांवर मागील खुणा अधिक, त्यांचे सरासरी वजन कमी, असा नेम त्यांना तक्षशिलेच्या नाण्यांत आढळला. येथे साहचर्य मिळाले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते, आणि फिरताना ते पारखणारे त्यावर खुणा करतात. म्हणजे खुणा वजन घटवीत नाहीत, चलनातील दीर्घ प्रवास दोन्ही गोष्टी घडवितो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. ती ताडून पाहण्यासाठी, ज्यांचे साल निश्चित ठाऊक आहे अशी चालू काळातील नाणीही त्यांनी वजन करून पाहिली. आधी नोंद, मग मागे दडलेल्या कारणाचा शोध, मग ज्ञात गोष्टीवर कसोटी. या क्रमाने गेल्यामुळे मुक्या चांदीने काळाची साक्ष दिली. येथे कोणाचे नाव बदनाम होणार नव्हते, कोणाचे घर उद्ध्वस्त होणार नव्हते. तरीही त्या पंडिताने इतकी खबरदारी घेतली.

माणसांविषयी बोलताना आपण याच्या शतांशही खबरदारी घेत नाही. पायगुणाचेच उदाहरण हिशेबात मांडून पाहू. समजा, दोनशे घरांचे गाव आहे आणि एका वर्षात त्यातील चाळीस घरांत नव्या सुना आल्या. त्या वर्षात चाळीसपैकी दहा घरांवर मृत्यू, आजार किंवा नुकसान असे काही ना काही संकट आले. दहा घरे ही काही थोडी नव्हेत. पारावर बसून त्यांची नावे घेतली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. परंतु हिशेबाला चार कोठे असतात. सून आली आणि संकट आले, हा पहिला. सून आली आणि संकट आले नाही, हा दुसरा. त्यात तीस घरे आहेत. सून आली नाही आणि तरी संकट आले, हा तिसरा; समजा त्यात चाळीस घरे आहेत. सून नाही आणि संकटही नाही, हा चौथा. त्यात उरलेली एकशे वीस. आता पाहा: सून आलेल्या घरांपैकी चौथ्या हिश्श्यावर संकट आले, आणि न आलेल्या घरांपैकीही चौथ्याच हिश्श्यावर. म्हणजे सहसंबंध शून्य. तरीही गावाच्या स्मृतीत फक्त पहिला कोठा राहतो, कारण बाकीच्या तीन कोठ्यांत सांगण्याजोगी गोष्टच नाही. सुनेच्या आगमनानंतर सुरळीत चाललेल्या तीस संसारांची कथा कोण कोणास सांगणार?

स्मृतीची ही खोड शुभ गोष्टींतही दिसते. देवळाच्या मंडपात टांगलेल्या घंटा नवस फेडणाऱ्यांच्या असतात. ज्याचा नवस फळला नाही तो घंटा बांधावयास येत नाही. हे सांगण्यात श्रद्धेचा उपमर्द नाही. भक्त देवापुढे उभा राहतो तो हिशेबाची वही घेऊन नव्हे, आणि त्याच्या शरणागतीला गुणांकाचा आधार लागत नाही. पण जो कोणी घंटा मोजून सिद्धांत मांडू पाहतो, त्याने न बांधलेल्या घंटाही मोजल्या पाहिजेत.

अशिक्षित गाव असे वागते, सुशिक्षित न्यायसंस्था तसे वागणार नाही, असा कोणाचा समज असेल तर नेदरलँड्समधील हेग शहराची हकीकत त्याने ऐकावी. तेथील एका बालरुग्णालयात २००१ साली एका अर्भकाचा मृत्यू झाला आणि संशय एका परिचारिकेवर आला. तिच्या पाळीत अशा दुर्घटना वरचेवर घडतात, असे सहकाऱ्यांना वाटू लागले. मागील नोंदी काढण्यात आल्या. इतक्या घटनांच्या वेळी ती केवळ योगायोगाने हजर असण्याचा संभव चौतीस कोटी वीस लाखांत एक, असा आकडा खटल्यात पुढे आला. २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली आणि २००४ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. तिला घटनास्थळी कृत्य करताना कोणी पाहिलेले नव्हते.

नंतर संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशेब तपासला तेव्हा पायाच डळमळू लागला. कोणती घटना ‘संशयास्पद’ हे ठरविताना ती परिचारिका हजर होती ही गोष्टच मनात ठाण मांडून बसलेली होती. म्हणजे कोठे भरणाऱ्यालाच उत्तर आधी ठाऊक होते. योग्य रीतीने मांडणी केली तर तोच संभव पंचविसांत एक इतकाही निघू शकतो, असे काहींनी दाखविले. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही की, ती त्या कक्षात काम करीत होती त्या तीन वर्षांत तेथे सहा मृत्यू झाले. ती येण्यापूर्वीच्या तीन वर्षांत सात झाले होते. तिसऱ्या कोठ्यात कोणी डोकावलेच नव्हते. २००८ मध्ये प्रकरण पुन्हा उघडले आणि एप्रिल २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. मधल्या काळात तुरुंगात तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. खून करणारी शोधता शोधता असे निष्पन्न झाले की खून झालेच नव्हते.

संशय आणि सिद्धता यांतील अंतर हा आम्हा वकिलांच्या व्यवसायाचा कणा आहे. प्रत्यक्ष साक्षीदार नसताना केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरवावयाचे असेल तर काय पाहावे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्या खटल्यात आणि १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्पष्ट केले. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे शाबीत झाला पाहिजे. सारे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखविणारे असले पाहिजेत. आणि त्याच्या निर्दोषपणाशी जुळणारी कोणतीही वाजवी उपपत्ती शिल्लक राहता कामा नये. नैयायिकाच्या भाषेत सांगावयाचे तर, उपाधी उरली आहे तोवर व्याप्ती ठरत नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. संशयाने चौकशी सुरू करावी, शिक्षा देऊ नये.

येथवर वाचून एखादा चतुर मनुष्य म्हणेल, ‘छान! म्हणजे कोणत्याही साहचर्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, एवढेच ना?’ हा निष्कर्ष पहिल्या चुकीइतकाच घातक आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष आणि इतर आजारांचे तितकेच पुरुष त्यांनी घेतले. कधीच धूम्रपान न केलेले किती, असे पाहता कर्करोग्यांत ते दोनच निघाले, इतरांत सत्तावीस. यावर आक्षेप घेणारा कोणी सोम्यागोम्या नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचे एक आचार्य रोनाल्ड फिशर यांनी १९५७–५८ च्या सुमारास विचारले की, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्ही एकाच आनुवंशिक घटकातून येत नसतील कशावरून? किंवा कर्करोगाची सुरुवात झालेल्या माणसालाच धूम्रपानाची इच्छा अधिक होत नसेल कशावरून? शंका तर्काला धरून होत्या. पण फिशर हे तंबाखू-उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते, आणि त्या व्यवसायाने अशा शंकांची ढाल करून पुढे अनेक वर्षे लोकांना बेसावध ठेवले. दरम्यान, १९५१ पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांची पाहणी चालू होती. सिगारेटी जितक्या अधिक तितके मृत्यू अधिक, आणि सवय सोडणाऱ्याचा धोका उतरत जातो, असे तीत दिसून आले. उपाधी शोधण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु शोध घेऊनही उपाधी सापडत नाही, आणि निरनिराळ्या वाटांनी येणारे पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा ‘हे केवळ साहचर्य आहे’ असे म्हणत बसणे ही बुद्धीची सचोटी राहत नाही.

तेव्हा एका बाजूला निरपराध परिचारिका, आणि दुसऱ्या बाजूला शंकेच्या आडोशाने मोकळा सुटलेला तंबाखू. या दोहोंमधून वाट कोणती? मला वाटते, ती हिल यांनीच १९६५ च्या एका व्याख्यानात सुचविली. साहचर्यावरून कार्यकारणभाव ओळखताना काय काय पाहावे हे सांगून झाल्यावर शेवटी ते म्हणाले त्याचा आशय असा: किती पुरावा पुरे, हे पुढे कोणती कृती करावयाची आहे यावर अवलंबून असावे. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या एखाद्या गोळीविषयी थोडा जरी संशय आला तरी तिच्यावर निर्बंध घालावा. चूक झालीच तर नुकसान फारसे नाही. पण लोकांना आवडणारी गोष्ट सक्तीने सोडावयास लावणे असेल, तर पुरावाही तसाच भक्कम हवा.

या विचाराला मी आणखी एक पाऊल पुढे नेऊ इच्छितो. पुराव्याचे माप ठरविताना ‘चूक झाली तर तिची किंमत कोण देणार?’ हा प्रश्न आधी विचारावा. किंमत मला स्वतःला द्यावयाची असेल, तर अल्पशा साहचर्यावरही मी सावध व्हावे. विहिरीचे पाणी बदलल्यापासून घरातील मुलांची पोटे बिघडतात असे दिसले, तर प्रयोगशाळेच्या दाखल्याची वाट न पाहता पाणी उकळून घ्यावे; संशय खोटा ठरला तर सरपण तेवढे वाया जाईल. परंतु किंमत दुसऱ्याला द्यावयाची असेल, त्यातही ज्याला आपली बाजू मांडावयास व्यासपीठ नाही अशा माणसाला द्यावयाची असेल, तर साहचर्य कितीही ठळक असो, तोंड मिटून पुढील तीन कोठे भरावे. साहचर्य सावध होण्यास पुरेसे आहे. दोष देण्यास ते पुरेसे नाही. आपला नेहमीचा व्यवहार मात्र नेमका उफराटा असतो. तबकातील तंबाखू दूर सारावयाची वेळ आली की आपण निर्णायक पुरावा मागतो, आणि शेजारणीच्या सुनेविषयी बोलताना एकच योगायोग आपणांस पुरतो.

यावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा की, घर म्हणजे काही न्यायालय नव्हे. बोलण्याने कोणी फासावर चढत नाही. पण ज्या मुलीला ‘पांढऱ्या पायाची’ हे विशेषण एकदा चिकटले, तिच्या दृष्टीने ते घर न्यायालयही असते आणि तुरुंगही. तेथे आरोपपत्र नसते, म्हणून उत्तर देता येत नाही. निकालाची प्रत नसते, म्हणून अपीलही करता येत नाही. हळदीकुंकवाच्या वेळी डावलले जाणे, बाळाच्या बारशाला तिला पुढे न बोलावणे, शुभकार्याला निघताना ती समोर येऊ नये म्हणून दार लोटून घेणे, या शिक्षा कोणत्याही संहितेत लिहिलेल्या नाहीत, आणि त्या भोगून संपतही नाहीत. विधवेने तर पतीच्या मृत्यूचे दुःख आणि त्याच मृत्यूचा आरोप, ही दोन्ही ओझी एकदमच वाहिलेली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जगात योगायोग असा काही नसतो, सारे पूर्वकर्माने जोडलेले असते, अशी आपली श्रद्धा आहे; मग गणिताने शून्य म्हटले म्हणून संबंध नाही कसे म्हणावे? याचे उत्तर त्या श्रद्धेच्याच पोटात आहे. ज्याने त्याने भोगावयाचे ते आपल्या कर्माचे फळ, हा कर्मसिद्धांताचा गाभा. सासऱ्याचे आयुष्य संपले असेल तर ते त्याच्या प्रारब्धाने संपले. त्याचे खाते सुनेच्या नावावर कसे चढविता येईल? कर्मसिद्धांत मनापासून मानणाऱ्याला पायगुण मानता येत नाही, आणि पायगुण मानणाऱ्याने कर्मसिद्धांत सोडलेला असतो. दोन्हींचा आधार एकाच वाक्यात घेणाऱ्याला खरे तर आधार नको असतो. आपल्या दुःखासाठी समोर उभे करता येईल असे कोणीतरी हवे असते.

आणि येथेच या साऱ्या प्रकाराचे मर्म आहे असे मला वाटते. दुःख कोसळले की मनाला ‘का?’ हा प्रश्न असह्य होतो. हृदय थांबले, वय झाले होते, नांगर धरणाऱ्या हातांनी वर्षानुवर्षे कष्ट केले होते, ही उत्तरे खरी असूनही थंड वाटतात. त्यांच्यावर रागावता येत नाही. नुकतीच उंबरठा ओलांडून आलेली, घरात कोणीच पाठीराखा नसलेली मुलगी मात्र समोर असते. तिच्या येण्यात आणि आपल्या दुःखात अंतर थोड्याच दिवसांचे असते. मन त्या अंतरालाच पुरावा मानते. म्हणून पारावरच्या गप्पांत असे काही निघाले, तर गणित न शिकलेल्या माणसालाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. त्याने शांतपणे विचारावे, ‘आणखी कोणाकोणाच्या घरी सुना आल्या होत्या या वर्षी? तिथे काय झाले?’ एवढ्या प्रश्नाने पहिल्या कोठ्याशेजारी दुसरा उघडतो. मग तिसरा आपोआप उघडतो: ‘आणि जेथे सून आली नाही, तेथे कोणी गेलेच नाही का?’ हे दोन प्रश्न ज्या गावात मोठ्याने विचारले जातात, तेथे एखाद्या मुलीचा संसार वाचण्याची शक्यता पुष्कळच वाढते.